उजवा खांदा

शेफालीताईनं सांधे शिकवायला सुरुवात केली ती सगुणाबाईच्याच अंगावर. भिमा लोखंडी खाटेवर उताणा पडला होता. त्याची मान तेवढी वळायची. ती वळवून तो दोघींकडं बघत होता.

"आधी तुमच्यावर दाखवते मावशी, मग काकांवर करू," शेफाली म्हणाली. ती भोरची, फिजिओथेरपी शिकलेली, अजून तिशी न गाठलेली पोरगी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवणारी एक संस्था होती, तिच्या गाडीतून ती महिन्यातून एकदा हिर्डोशीच्या अंगाला यायची. गाडी डांबरीवर थांबवून वाडीपर्यंत पाऊण तास चढून आल्यामुळं ती अजून धापा टाकत होती.

भिमा चैत्रात हिरड्यावरून पडला होता. बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी फळं, काढायला दरसाल चढायचा तेच झाड, तीच फांदी. ती मोडली आणि तो मानेवर आला. वाडीतल्या चौघांनी घोंगडीत घालून त्याला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून टेम्पोनं भोरला, भोरहून पुण्याला. मानेतले मणके पट्टी आणि स्क्रू घालून जखडले. दीड महिन्यानं घरी आणला तेव्हा खांद्याखाली त्याचं काही हलत नव्हतं. छातीला चिमटा काढला तरी कळत नव्हतं. खांद्याच्या माथ्यापर्यंत मात्र सगळं कळायचं, बोलता यायचं, घास गिळता यायचा.

"शरीरात सांधे तीन तऱ्हेचे असतात," शेफाली सांगू लागली. "एक, जे हलतच नाहीत. डोक्याचं हाड बघा, एकसंध वाटतं ना? तुकडे आहेत त्याचे, शिवण घातल्यासारखे जोडलेले. दुसरे अगदी थोडे हलतात, पाठीच्या मणक्यांमधले. आणि तिसरे मोकळे. आपलं काम ह्या मोकळ्यांशी. हा गुडघा. दाराच्या बिजागरीसारखा, एका बाजूलाच दुमडतो. आडवातिडवा वळवायचा नाही. कोपराचंही तसंच. खुबा आणि खांदा उखळीचे. एका हाडाचा गोळा दुसऱ्याच्या खोबणीत बसलेला, म्हणून चहूकडं फिरतो. मनगटात बारकी बारकी हाडं असतात, ती एकमेकांवर सरकतात."

"आन् मान?"

"मान खुंट्यावर फिरते."

"जात्यागत," सगुणाबाई म्हणाली.

"अगदी जात्यासारखी. पण काकांच्या मानेला आपण हात लावायचा नाही. बाकी प्रत्येक सांधा सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा. सावकाश."

"चालाया लागतील का त्येनं?"

शेफालीनं एकदा खाटेकडं पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "नाही, मावशी. मेंदूचा निरोप आता खाली पोचत नाही. पण सांध्याभोवती एक पिशवी असते. सांधा हलवला नाही तर ती आकसते, आणि सांधा धरतो. मग पाय आखडतात, कुशीवर वळवता येत नाही, सदरा चढवता येत नाही, जखमा होतात. ते होऊ नये म्हणून हे करायचं."

मग कोपर कसं उघडतं ते दाखवायला तिनं सगुणाबाईचा डावा हात धरून लांब केला. तो अर्ध्याच्या थोडा पुढं गेला आणि अडला.

"हे सरळ होत नाही?"

"पडले व्हते."

"कधी?"

"लई वर्सं झाली. स्नेहल अंगावर पीत व्हती तवा."

भिमानं मान भिंतीकडं वळवली.

सगुणाबाई पडली नव्हती. वासरू सुटून खळ्यातल्या नाचणीत शिरलं होतं, म्हणून भिमानं तिचा हात पिरगाळून तिला उंबऱ्यावर ढकललं होतं. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, पानशेतच्या अलीकडं. भाऊ चिमाजी येऊन तिला घेऊन गेला, तिकडच्या एका माणसानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हाड वाकडंच सांधलं. दोन महिन्यांनी त्याच भावानं तिला परत आणून सोडलं. जाताना तो तिच्याकडं न बघता म्हणाला होता, "जपून ऱ्हा."

भिमा दारू पिणारा नव्हता. काम सोडून बसणारा नव्हता. शेतावर, बैठकीत चार माणसांत त्याला मान होता. पण त्याचा उजवा हात उठायचा. उठण्याआधी खांदा मागं जायचा, आणि सगुणाबाईला तो खांदाच आधी दिसायचा. लेक माऊली अठरा वर्षांचा झाला तेव्हा एके दिवशी त्यानं बापाचं मनगट हवेतच धरलं. नुसतं धरून ठेवलं. त्यानंतर बारा वर्षं भिमानं तिला हात लावला नाही. मारायलाही नाही आणि दुसऱ्या कशालाही नाही. बोलणं उरलं ते जेवणापुरतं आणि गुरांपुरतं. माऊली शिरवळला कंपनीत लागला, स्नेहल लग्न होऊन भाटघरच्या बाजूला गेली, आणि त्या घरात दोघंच राहिली.

आता दिवसातून दोनदा तिला त्याच्या अंगाचा एकेक सांधा हातात घ्यायचा होता.

ती काम शिकली ते पक्कं शिकली. सकाळी धारा काढून झाल्या की हात गरम पाण्यानं धुवायचे आणि खाटेशी बसायचं. आधी पायाची बोटं, मग घोटा. पाऊल खाली लोंबू नये म्हणून ते वर दाबून धरायचं. गुडघा दुमडून पोटाकडं न्यायचा, तसाच खुबा आत-बाहेर फिरवायचा. मग हाताची बोटं, एकेक करून. अंगठा वेगळा, कारण तो बाकीच्या बोटांसारखा नुसता मिटत नाही, आडवा येऊन बाकीच्यांना भेटतो. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचा अंगठा कधी नीट पाहिला नव्हता. नखाखाली कोयत्याचा जुना व्रण होता, तो कधी झाला हेही तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी ती उजव्या खांद्यापर्यंत आली. ताईनं सांगितल्याप्रमाणं एक हात त्याच्या कोपराखाली आणि एक मनगटाला धरून तिनं तो हात वर उचलला, कानाच्या दिशेनं. हात तिच्या डोक्याच्या उंचीला आला, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण डोळे मिटलेत. मान आखडून खांद्यात गेलीय. हातात तर काही नव्हतं, निव्वळ वजन होतं. तरी तिचं अंग ऐकेना. तिनं हात हळू खाली ठेवला आणि सदऱ्याची बाही सारखी केली.

दुसऱ्या दिवशी तिनं डावा खांदा दहा वेळा फिरवला, उजव्याचं कोपर आणि मनगट केलं, आणि खांदा राहू दिला. उद्या करू, असं मनाशी म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. पंधरा दिवसांनी ती तसं म्हणायची थांबली. आता ते विसरणं नव्हतं की राहून जाणं नव्हतं. ती तो खांदा सोडत होती, आणि आपण सोडतोय हे तिला कळत होतं.

भिमा रोज बघायचा. तिचे हात उजव्या कोपरापाशी थांबून पांघरूण ओढून घेतात हे त्याला दिसायचं.

पावसाळ्यात शेफालीची गाडी वर येऊ शकली नाही. ओढ्याला पाणी होतं, दरडीची माती रस्त्यावर आली होती, एसटीही अर्ध्यातूनच माघारी फिरायची. ती आली ते थेट भाद्रपद सरता सरता. माऊलीही त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता.

शेफालीनं पायापासून तपासायला घेतलं आणि तिचा चेहरा उजळत गेला. घोटे मऊ होते. गुडघे पूर्ण दुमडत होते. पाठीवर, टाचांवर एकही जखम नव्हती.

"मावशी, दवाखान्यातसुद्धा इतकं कुणी करत नाही," ती म्हणाली. "माऊलीदादा, तुमच्या आईचं सगळ्यांना सांगितलं पाहिजे."

डावा खांदा कानापर्यंत गेला. मग तिनं उजवा उचलला. तो वीतभर वर आला आणि अडला. तिनं किंचित जोर लावला, तशी भिमाच्या तोंडून किंकाळी फुटली. बाहेर बांधलेली म्हैस दचकून उठली.

शेफालीनं हात खाली ठेवला. पुन्हा एकदा, अगदी हळू, करून पाहिलं. तेवढाच.

"हा पूर्ण धरलाय," ती म्हणाली. "बाकी सगळं इतकं छान, मग हा एकच कसा राहिला?"

सगुणाबाई चुलीकडं बघत उभी होती. माऊली आईकडं बघत होता. तिला वाटलं, आता सांगून टाकावं. तिनं तोंड उघडलंही.

"म्याच न्हाई म्हनलं," भिमा खाटेवरून म्हणाला. "दुकायचं मला. तिला हातच लावू दिला न्हाई."

"काका, असं कसं? दुखलं तरी करायचं म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"चुकलं माजं."

शेफाली त्याला बराच वेळ रागावत राहिली आणि तो लहान पोरासारखा ऐकत राहिला. मग तिनं सगुणाबाईला बोलावून दाखवलं: ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही, गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं आणि जिथं अडतं तिथं दहा मोजेपर्यंत थांबायचं. पहिल्यासारखा होणार नाही, पण थोडा सुटेल. माऊली तिला सोडायला डांबरीपर्यंत गेला.

घरात दोघंच उरली तेव्हा सगुणाबाईनं विचारलं, "खोटं का बोलला?"

"काय झालं त्येनं?"

"तुमाला दिसत व्हतं म्या करत न्हाई त्ये."

"पैल्या दिसापास्नं."

"मंग बोलला का न्हाई?"

भिमा आढ्याकडं बघत होता. बोलायला त्याला दम लागायचा, दोन शब्दांत श्वास घ्यावा लागायचा. "कोंच्या तोंडानं बोलू?" तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "ऱ्हाऊ दे तू. त्यो हात हाये तसाच ऱ्हाऊ दे."

हे ऐकून सगुणाबाईला जो राग आला तसा तिला सबंध आयुष्यात आला नव्हता. मार खातानाही नाही.

"म्हंजी ह्ये बी तुमीच ठरवनार?" ती ओरडली. "ठिवायचा तर तुमी म्हनाल म्हनून ठिवायचा? कंदी म्या काय करायचं, कंदी न्हाई, आजून तुमीच सांगनार मला? खाटंवर पडून?"

तिनं पाणी तापवायला ठेवलं. पाणी तापेपर्यंत ती चुलीत काटक्या मोडून घालत बसली होती. मग फडकं पिळून तिनं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि हात उचलला.

तिनं त्याला माफ केलं नव्हतं. दया आली होती असंही नाही. पण तो खांदा आता त्याच्या सांगण्यावर राहणार नव्हता आणि तिच्या भीतीवरही नाही, एवढं तिचं पक्कं झालं होतं. जिथं अडलं तिथं तिनं हात धरून ठेवला आणि मोठ्यानं दहा मोजले. भिमानं दात आवळले, डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. पुसायला त्याला हात नव्हता. सहा-सात दिवस हे असंच चाललं, आणि त्या दिवसांत त्याच्या कण्हण्यानं आपल्याला एक प्रकारचं बरं वाटतं हे सगुणाबाईला कळलं. भाकरी थापताना ते तिच्या मनात आलं आणि ती घाबरून गेली. त्या संध्याकाळी तिनं दहाऐवजी पाचच मोजले आणि विचारलं, "लई दुकतंय का?"

"दुकू दे. तू कर," तो म्हणाला.

हळूहळू ते दुखणं त्या दोघांचं रोजचं काम झालं. ती मोजायची, आठवड्यानंतर तोही मोजू लागला. सात आला की त्याचा आवाज फाटायचा. मधेच तो काहीतरी विचारायचा. भात कितपत आलाय, म्हशीला कितवा महिना लागला, शेजारच्या धोंडाबाईच्या घरावर पत्रे चढले का. ती उत्तर द्यायची. बारा वर्षांत झाल्या नसतील एवढ्या गोष्टी त्या खांद्यापाशी बसून झाल्या. पण जे बोलायला हवं होतं ते त्यात कधीच आलं नाही. दिवाळीपर्यंत हात खांद्याच्या रेषेत येऊ लागला. माऊलीनं फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत शेफालीनं ते पाहिलं आणि मावशींचं तोंड भरून कौतुक केलं.

पौषात थंडी पडली आणि भिमाच्या छातीत कफ साचला. खोकायला लागतं ते पोटातलं बळ त्याच्यात नव्हतं. सगुणाबाई त्याला कुशीवर घेऊन पाठ थोपटायची, थोडा कफ सुटायचा, पुन्हा घरघर सुरू. चौथ्या दिवशी ताप चढला तेव्हा माऊली जीप घेऊन आला. खाली रस्त्यापर्यंत त्याला खुर्चीत बांधून उचलून आणलं.

जीपमध्ये भिमाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. धरणाचं पाणी खिडकीतून लांबवर चमकत होतं. त्याचे ओठ हलले म्हणून ती वाकली.

"कोपर दुकतं का आजून?" त्यानं विचारलं.

तिला आधी कळलंच नाही कुणाचं कोपर. मग कळलं.

"थंडीत दुकतं," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. ती वाट बघत राहिली. भोर येईपर्यंत तिनं त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. तो आणखी काही बोलला नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दहाव्याला वाडीतल्या आणि खालच्या गावच्या बायका जमल्या होत्या. ओटीवर बसून जी ती तेच बोलत होती. सगुणेनं नवऱ्याचं काय केलं, म्हणून. आठ महिने खाटेवर पडलेला माणूस, पण अंगावर एक फोड उठू दिला नाही. सख्ख्या आईनं केलं नसतं असं केलं. धोंडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अशी बायको मिळाया नशीब लागतं."

"तीन-चार महिनं म्या त्येंचा उजवा खांदा हालवला न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "धरू दिला. जानूनबुजून."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. त्यांच्यातल्या बहुतेकींना भिमाचा हात ठाऊक होता. एक-दोघींनी तिच्या डोळ्याखालचं काळंनिळं पाहून तिला हळद आणून दिली होती. तरी त्या क्षणी कुणी तिच्याकडं बघेना.

"आसू दे गं," शेवटी धोंडाबाई म्हणाली. "आता काय त्येचं. गेलं मानूस."

आणि बोलणं दुसरीकडं वळलं. कुणाची लेक बाळंत झाली, एसटी किती उशिरा आली.

दुपारी पंगत उठल्यावर स्नेहल आईला शोधत परड्यात आली. सगुणाबाई दगडावर बसून भांडी घासत होती. स्नेहल शेजारी बसली आणि एक परात ओढून घेऊन राख लावू लागली.

"मी असते ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तर एक सांधा हलवला नसता त्यांचा. एक बोट नाही."

"आसं म्हनू नगं. बाप व्हता तुजा."

"तुला रडताना पाहिलं नाही मी आई. दवाखान्यात नाही, इथं नाही."

सगुणाबाईनं तांब्या विसळून पालथा घातला. "कशाचं रडू त्ये कळंना मला," ती म्हणाली. "त्यो गेला म्हनून रडाय बसते तर मागलं सगळं फुडं हुबं ऱ्हातं. आन् मागल्याचं रडावं तर त्येचं तोंड दिसतं, दात आवळल्यालं. सात म्हनताना कसा आवाज निघायचा... जीपमंदी मला वाटलं, आता म्हनंल. आता म्हनंल."

"काय म्हणेल?"

"काय बी. एक शबूद. म्या कुटं लई मागत व्हते?"

आणि मग तिला रडू आलं. राखेनं भरलेले हात तसेच समोर धरून ती रडू लागली. आधी आवाज नव्हता, मग जोरात, ओटीवरच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या जोरात. स्नेहलनं तिला जवळ घेतलं. ओटीवरून कुणीतरी म्हणालं, "रडली बाई एकदाची, बरं झालं. नवऱ्यावर लई जीव तिचा." स्नेहल उठायला लागली तसा सगुणाबाईनं तिचा हात धरला आणि मान हलवली. जाऊ दे, म्हणाली.

माऊली दुसऱ्या दिवशी कामावर गेला. स्नेहल आणखी दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाली. चार दिवस माझ्याकडं चल म्हणून तिनं खूप विनवलं, पण म्हशीचे दिवस भरत आले होते. सगुणाबाई तिला डांबरीपर्यंत सोडायला गेली आणि एकटीच चढण चढून परत आली. घरात येऊन ती भुईवर घोंगडी टाकून आडवी झाली. दिवसाउजेडी ती कधी झोपली नव्हती. जाग आली तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं आणि गोठ्यात म्हैस ओरडत होती. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, आणि तिला पाणी दाखवायला गेली.